दिवेलागणीची गोळी
शरीरातील घड्याळाची जनुके आणि कर्करोग

सन २००६ मधील गोष्ट. इंदुरातील माझ्या दवाखान्यात एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला खोकल्यासाठी घेऊन आली होती. मुलाला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात त्याचे सुरुवातीचे कठीण उपचार पार पडले होते आणि आता दीर्घकाळ चालणारे देखभालीचे उपचार घरीच सुरू होते. रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी, असा तो क्रम होता. छाती तपासून झाल्यावर मी सहज औषधांची पिशवी मागितली आणि गोळ्या मोजल्या. महिना संपत आला होता, पण हिशेबाने आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या.

मी विचारले तेव्हा ती माउली गोंधळली. शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांचे डबे करण्याचे तिचे काम. संध्याकाळी सहा ते नऊ ही तिची घाईची वेळ. घरी पोहोचेपर्यंत मूल झोपी गेलेले असे. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच बजावलं होतं ना, दिवेलागणीलाच द्यायची, उपाशीपोटी द्यायची, दुधाबरोबर द्यायची नाही. वेळ टळली की मी देतच नव्हते. भलत्या वेळी दिली आणि बाधली तर?"

मुंबईहून आलेल्या कागदावरील सूचना तिला मीच समजावून सांगितली होती आणि 'वेळ अजिबात चुकवायची नाही' असे दोनदा बजावलेही होते. 'वेळ चुकली तर काय करायचे' हे मात्र मी सांगितले नव्हते. दोष तिचा नव्हता, माझा होता.

ही 'दिवेलागण' औषधाच्या कागदावर आली कोठून, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा विज्ञानातील एका विलक्षण रम्य प्रांतात मी जाऊन पोहोचलो. तो प्रांत म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत चालणारे घड्याळ. या घड्याळाचा कर्करोगाशी संबंध आहे काय आणि असल्यास किती, याविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील सिद्ध किती आणि नुसते आकर्षक किती, हे निवडून वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लाजाळूपासून फळमाशीपर्यंत

सन १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्याचे दर्शन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. वनस्पतीला वेळ आतूनच कळत असावी, असा तर्क त्यातून निघाला. तो रेणूंच्या पातळीवर उकलण्यास मात्र अडीच शतके जावी लागली.

सन १९७१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे रोनाल्ड कोनोप्का आणि त्यांचे गुरू सीमूर बेंझर यांनी फळमाशीवर एक प्रयोग केला. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ती हीच चिमुकली माशी. त्यांना तीन प्रकारच्या विकृत माश्या आढळल्या. एकीचा 'दिवस' १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तर तिसरीला दिवस-रात्रीचे भानच नव्हते. विशेष म्हणजे तिन्ही दोष एकाच जनुकात होते. त्या जनुकाला 'पिरियड' असे नाव मिळाले. सन १९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळांनी हे जनुक वेगळे केले आणि पुढे त्याचे कार्य उलगडले. या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक लाभले. बेंझर २००७ मध्ये आणि कोनोप्का २०१५ मध्ये निवर्तले होते. ज्यांनी दार उघडले ते सत्काराला उपस्थित नव्हते.

माशीतील हे जनुक मनुष्यातही आहे. सन २००१ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुटुंबातील अनेकांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारासच गाढ झोप लागे आणि पहाटे साडेचारला जाग येई. दोष सापडला तो 'पर-२' या जनुकात. आपल्याकडे अशा माणसाला आपण शिस्तीचा म्हणून नावाजले असते!

पाण्याची टाकी आणि तरंगता गोळा

हे घड्याळ चालते कसे? आपल्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पाणी चढते तसा तरंगता गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी वापरले गेले की गोळा खाली उतरतो आणि नळ पुन्हा सुरू होतो. पेशीकेंद्रात 'क्लॉक' आणि 'बीमल-१' ही दोन प्रथिने हातात हात घालून नळ उघडतात, म्हणजेच 'पर' आणि 'क्राय' ही जनुके कार्यान्वित करतात. त्यातून तयार होणारी पर आणि क्राय ही प्रथिने पेशीद्रवात हळूहळू साचतात, जोडीने पेशीकेंद्रात परततात आणि ज्यांनी त्यांना जन्म दिला त्या क्लॉक-बीमलचेच काम थांबवतात. पुढे ती स्वतः विघटित होतात आणि नळ पुन्हा उघडतो. टाकीपेक्षा फरक एवढाच की, येथे प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम विलंब ठेवलेला आहे. म्हणून एका फेऱ्यास सुमारे २४ तास लागतात.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. हे मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते रोज स्वतःला जुळवून घेते आणि यकृत, आतडी, अस्थिमज्जा इत्यादी ठिकाणच्या घड्याळांना वेळ कळवते. संध्याकाळी ताप चढणे, मध्यरात्रीनंतर दम्याच्या मुलाची घरघर वाढणे, झोपेत वाढीचे संप्रेरक स्रवणे हे आपण बालरोगतज्ज्ञ रोज पाहतो. नवजात बाळात मात्र ही लय अजून बसलेली नसते. ते दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत लय हळूहळू बसते, तेव्हा कोठे घरातील मंडळींना झोप मिळते.

घड्याळ आणि पेशीविभाजन

कर्करोग म्हणजे मूलतः पेशीविभाजनाची शिस्त मोडणे. घड्याळाचा आणि या शिस्तीचा संबंध येथे येतो. सन २००३ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा मोठा भाग काढून टाकला आणि उरलेल्या यकृताची वाढ तपासली. शस्त्रक्रिया दिवसाच्या कोणत्याही वेळी केली तरी पेशी प्रत्यक्ष विभाजनात शिरत त्या दिवसाच्या विशिष्ट वेळीच. विभाजनाच्या दारावर 'वी-१' नावाचा पहारेकरी असतो आणि त्याची पाळी घड्याळाची जनुके ठरवतात, असे दिसून आले.

पहारेकऱ्यांप्रमाणेच डागडुजी करणारे गवंडीही घड्याळाच्या तालावर काम करतात. अतिनील किरणांनी डीएनएला पडलेले डाग काढून टाकणारी यंत्रणा उंदरांच्या त्वचेत दिवसाच्या एका वेळी जोमात, तर दुसऱ्या वेळी मंद असते. अझिझ सँकार यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवले की, पहाटे चार वाजता किरण दिलेल्या उंदरांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण दुपारी चार वाजता किरण दिलेल्या उंदरांच्या सुमारे पाचपट होते. किरणांची मात्रा तीच होती, फक्त वेळ निराळी होती. डीएनए-दुरुस्तीवरील कार्यासाठी सँकार यांना पुढे २०१५ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग घड्याळच मोडले तर? सन २००२ मध्ये दोन महत्त्वाची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पॅरिसमधील फ्रान्सिस लेव्ही यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतील मुख्य घड्याळ नष्ट केले. त्या उंदरांत रोपण केलेली अर्बुदे दुप्पट-तिप्पट वेगाने वाढली. त्याच वर्षी ह्यूस्टन येथील चेंग ची ली यांच्या गटाने 'पर-२' जनुकात दोष असलेल्या उंदरांना गॅमा किरण दिले. निरोगी उंदरांच्या तुलनेत त्यांच्यात अर्बुदांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. सन २०१६ मध्ये उंदरांच्या फुप्फुसाच्या कर्करोगातही 'पर-२' किंवा 'बीमल-१' नाहीसे झाल्यास अर्बुदे जोमाने वाढतात, असे दिसले.

माझ्या विषयाच्या दृष्टीने २०१५ मधील एक निरीक्षण मोलाचे वाटते. लहान मुलांत होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाच्या काही प्रकारांत 'एन-मिक' नावाचे जनुक प्रमाणाबाहेर वाढलेले असते. अशा पेशींतील घड्याळ हे जनुकच बंद पाडते, असे अमेरिकेतील संशोधकांना आढळले. त्या पेशींत 'बीमल-१' परत आणले असता त्यांची वाढ मंदावली. म्हणजे घड्याळ बिघडल्याने कर्करोग बळावतो, तसाच कर्करोगही घड्याळ मोडून टाकतो.

नाण्याची दुसरी बाजू

येथे थांबलो तर लेख सुटसुटीत होईल, पण तो अपुरा ठरेल. 'क्राय' प्रथिने अजिबात नसलेल्या उंदरांचे घड्याळ पूर्ण बंद असते. त्यांना कर्करोग अधिक व्हावयास हवा होता. २००५ मध्ये सँकार यांच्याच प्रयोगशाळेने किरण देऊन तपासले तेव्हा तो अधिक झाला नाही. पुढे २००९ मध्ये त्याहून चक्रावणारा निष्कर्ष आला. पी-५३ हे संरक्षक जनुक नसलेले उंदीर कर्करोगाने लवकर मरतात, पण त्यांच्यातील 'क्राय'ही काढून टाकल्यावर कर्करोग उशिरा झाला!

तात्पर्य, 'घड्याळ चांगले म्हणजे कर्करोग नाही' इतके सरळ सूत्र निसर्गाने ठेवलेले नाही. घड्याळाची जनुके इतरही अनेक कामे करतात. कोणते जनुक, कोणत्या अवयवात आणि इतर कोणत्या दोषांच्या संगतीत बिघडले आहे, यावर परिणाम ठरतो.

रात्रपाळीचा प्रश्न

आरंभी उल्लेखिलेला मुलगा आज पंचविशीत आहे. मागे एकदा दवाखान्यात येऊन गेला. परदेशी ग्राहकांशी बोलण्याच्या नोकरीत तो रात्रपाळी करतो. जाता जाता त्याने विचारले, "डॉक्टरकाका, रात्रपाळीने कॅन्सर होतो असं वाचलं. मी नोकरी सोडू का?"

प्रश्न त्याच्यापुरता नाही. आपल्या रुग्णालयांतील परिचारिका, निवासी डॉक्टर, गिरण्यांच्या काळात तीन पाळ्यांत राबलेले आपले इंदूरकर कामगार या सर्वांचा तो आहे. लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, दैनंदिन लय बिघडवणारे पाळ्यांतील काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात, म्हणजे २-अ मध्ये घातले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीविषयी तोच निर्णय कायम ठेवला. हा गट धोक्याचा आकार सांगत नाही, पुराव्याचे बळ सांगतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तांबडे मांसही २०१५ पासून याच गटात आहे.

पुरावाही एकमुखी नाही. अमेरिकेतील ७८,५६२ परिचारिकांच्या २००१ मधील अहवालात ३० किंवा अधिक वर्षे आलटून-पालटून रात्रपाळी केलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. त्याउलट २०१६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी स्वतःची आणि इतर देशांची मिळून दहा पाहण्यांतील सुमारे १४ लाख स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा असा वाढीव धोका दिसला नाही. कोण किती वर्षे, आठवड्यातून किती रात्री आणि कोणत्या वयात काम करते, हे प्रत्येक पाहणीत वेगळे मोजले गेल्याने ही तफावत पडली असावी.

मी त्याला सांगितले की, नोकरी सोडण्याइतका पुरावा नाही, पण निष्काळजी राहण्याइतकीही निश्चिंती नाही. पाळी दर चार दिवसांनी बदलत असेल तर वरिष्ठांशी बोलावे. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत पुरेशी झोप घ्यावी. तंबाखूपासून दूर राहावे, कारण तिच्याबाबत पुराव्यात कसलीही संदिग्धता नाही. आणि लहानपणीच्या उपचारांमुळे त्याने वार्षिक तपासणी कधीही चुकवू नये.

दिवेलागणीचे पुढे काय झाले?

आता मूळ गोळीकडे येऊ. सन १९८५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील रिव्हार्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ११८ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. देखभालीची औषधे सकाळी घेणाऱ्या मुलांपेक्षा संध्याकाळी घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते. अस्थिमज्जेतील पेशींनाही घड्याळ असल्याने हे पटण्याजोगे वाटले. पुढे उत्तर युरोपातील एका पाहणीनेही दुजोरा दिला आणि 'संध्याकाळी द्यावी' ही सूचना जगभर पसरली. दुधातील झँथिन ऑक्सिडेज हे विकर औषधाचे विघटन करते, म्हणून दूध वर्ज्य झाले. अन्नाने शोषण कमी होईल, म्हणून उपाशीपोटी देण्याचे ठरले. प्रत्येक सूचनेमागे तर्क होता. माँट्रियलच्या मुलांची सकाळ-संध्याकाळ अशी वाटणी मात्र चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती.

सन २०१४ मध्ये उत्तर युरोपातीलच डॉक्टरांनी नव्या उपचारपद्धतीतील मुलांची माहिती पुन्हा तपासली. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक आढळला नाही. सन २०१७ मध्ये अमेरिकेतील ४४१ मुलांच्या अभ्यासातही तसेच दिसले. गोळी केव्हा घेतली, अन्नासह की अन्नाविना, दुधाबरोबर की पाण्याबरोबर, यावरून रोग उलटण्याचा धोका ठरला नाही. मात्र रोज निरनिराळ्या वेळी गोळी घेणाऱ्यांकडून ती अधिक वेळा राहून जात होती.

आणि राहून जाण्याची किंमत मोठी होती. मूळच्या भारतीय असलेल्या डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाच्या बाटलीच्या झाकणात नोंद ठेवणारे यंत्र बसवून हे मोजले. ज्यांनी ९५ टक्क्यांहून कमी दिवस गोळी घेतली, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका सुमारे पावणेतीनपट होता. पंच्याण्णव टक्के म्हणजे महिन्यातून फार तर एखाद-दुसरा दिवस चुकणे. माझ्या त्या बालरुग्णाचे एका महिन्यात आठ दिवस चुकले होते. तो वाचला हे त्याचे सुदैव. त्याचे श्रेय मी घेऊ शकत नाही.

मोठ्यांच्या कर्करोगातही असाच अनुभव आला. लेव्ही यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील औषधे शरीराच्या लयीनुसार देऊन १९९७ मध्ये उत्साहवर्धक परिणाम दाखवले होते. पण २००६ च्या मोठ्या युरोपीय चाचणीत एकंदर आयुर्मान वाढले नाही. पुरुषांना लाभ झाल्याचे दिसले, तर स्त्रियांत उलट परिणाम दिसला. दोघांची घड्याळे वेगळी चालत असावीत, हा विचार त्यातूनच बळावला. या शास्त्राचे भविष्य आशादायक आहे. मात्र उंदराच्या पिंजऱ्यातून निघालेले सत्य आईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला मोठ्या चाचण्यांच्या चाळणीतून जावेच लागते.

उपसंहार

आपल्या इंदुरात सराफ्याची रात्र अकरानंतर रंगते आणि पेंगुळलेली मुले आईबापांच्या खांद्यावर मान टाकून तेथे हिंडताना दिसतात. कधीमधी जाण्याला हरकत नाही. परंतु मुलांना रोज ठराविक वेळी अंधार, झोप आणि सकाळचे ऊन मिळावे, एवढे मी प्रत्येक आईला सांगतो. कर्करोग टळेल म्हणून नव्हे. तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलांची वाढ, भूक आणि मनाची प्रसन्नता यांसाठी एवढे पुरेसे कारण आहे.

व्यवसायबंधूंना एकच विनंती. सूचना देताना तिच्यातील अत्यावश्यक भाग कोणता आणि सोयीचा कोणता, हे निराळे करून सांगावे. आपण दोन्ही एकाच आवाजात सांगतो आणि घरी गेल्यावर आई त्यांतून निवड करू शकत नाही. 'वेळ चुकली तर काय करावे' हे वाक्य आता मी औषधाच्या प्रत्येक कागदावर स्वतःच्या हाताने लिहितो. रुग्णाच्या पालकांनीही वेळ बदलायची असल्यास आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून बदलावी आणि चुकलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये.

त्या दिवशी मुंबईच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून आम्ही गोळीची वेळ रात्री दहाची केली. डबे पोहोचवून, हातपाय धुऊन आई मुलाला उठवी, अर्धवट झोपेतच गोळी आणि दोन घोट पाणी देई आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारी. पुढच्या महिन्यात ती दिनदर्शिका गुंडाळी करून तिने मला दाखवावयास आणली. एकही तारीख मोकळी नव्हती.